सोसायटीतला पाला आवारातच जिरवताना: एका वर्षाचा हिशेब

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत झाडून गोळा केलेला पाला मागच्या भिंतीशी नेऊन पेटवायचा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. २०२४ च्या जानेवारीपासून तो बंद केला आणि पाला आवारातच कुजवायला सुरुवात केली. काय केलं, कधी केलं, पैसे किती लागले, गाडी कुठे अडली हे सगळं इथे क्रमाने लिहितो आहे. दोन इमारती, ४८ सदनिका, भोवती झाडांची पट्टी आणि मागे थोडी मोकळी माती, असा आमचा पसारा. शहरात अशा सोसायट्या शेकड्यांनी आहेत, तेव्हा मापं जशीच्या तशी उचलायला हरकत नाही.

कामाचा पहिला महिना कागदांतच गेला. डिसेंबर २०२३ मध्ये कमिटीपुढे विषय निघाला तेव्हा "आपल्याला हे बंधनकारक आहे का?" हाच पहिला प्रश्न आला. त्याचं उत्तर आधी नीट शोधून ठेवलेलं बरं. तेव्हा लागू असलेले घनकचरा व्यवस्थापन नियम ८ एप्रिल २०१६ चे. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं त्यात म्हटलं होतं. आमचा भूखंड त्याहून लहान, म्हणजे ती अट आम्हाला नव्हती. पण कचरा उघड्यावर जाळू नये आणि बागेचा कचरा वेगळा साठवावा, हे त्याच नियमांत प्रत्येकासाठी होतं. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली. साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. एवढा मजकूर एका पानावर छापून सभेच्या सूचनेला जोडला. धुराबद्दल तासभर बोलून जे झालं नसतं, ते त्या पानाने झालं.

वार्षिक सर्वसाधारण सभेला चौदा दिवसांची सूचना लागते आणि ती सभा सप्टेंबरपर्यंतची गोष्ट. पानगळ काही तोवर थांबणार नव्हती. म्हणून पाच पूर्ण दिवसांच्या सूचनेवर विशेष सभा बोलावली. ठराव लिहिताना जागा कुठली, खर्चाची मर्यादा किती आणि देखरेख कोणाकडे, या तिन्ही गोष्टी शब्दांत घालून घ्या. "खत प्रकल्प करण्यास मान्यता" एवढंच मोघम लिहिलं, तर पुढे करसवलतीच्या अर्जाच्या वेळी नवा ठराव करत बसावं लागतं.

सभेत हरकती तीन आल्या: वास, डास आणि साप. वास येतो तो हवा न मिळालेल्या ओल्या ढिगाला. डासांना साचलेलं पाणी लागतं, ते पाल्याच्या ढिगात नसतं. मात्र शेजारी पाण्याचं पिंप उघडं ठेवलं तर डास त्यात होणारच. साप येतात ते उंदीर-घुशींच्या मागावर आणि उंदीर-घुशी येतात त्या शिजवलेल्या अन्नावर. म्हणून पाल्याच्या ढिगात पोळी, भात, भाजी काहीही पडणार नाही, ही अट ठरावातच घातली. ही एक अट पाळली तर निम्मी भीती जाते.

जागा निवडताना ढीग मातीवर असावा, फरशीवर नको. खालून गांडुळं आणि बुरशी वर चढते ती मातीतूनच. कंपाउंडच्या भिंतीपासून तीन फूट अंतर सोडा, नाहीतर पहिल्याच पावसात भिंतीला ओल येते. नळ जवळ हवा, सावली अर्धवट हवी आणि झाडाच्या बुंध्याला ढीग टेकता कामा नये. आम्ही पार्किंगच्या मागे करंजाच्या ओळीखाली जागा धरली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाळी आणली. चार फूट रुंदीची वेल्डेड जाळी, चाळीस फूट, फुटाला ७५ रुपयांप्रमाणे तीन हजार. चार फूट व्यासाचा पिंजरा करायला साडेबारा फुटांच्या आसपास जाळी लागते. टोकं एकमेकांवर चढवून तारेने बांधायला अर्धा फूट धरला की तेरा फूट. चाळीस फुटांत तीन पिंजरे झाले, प्रत्येकात अंदाजे पन्नास घनफूट जागा. पिंजरा याहून लहान करू नका. ढिगाची प्रत्येक बाजू मीटरभर तरी असली पाहिजे, नाहीतर आतली ऊब टिकत नाही आणि पाला नुसता वाळत पडतो. बाकी सामान साधं: फावडं, दाताळं, दोन घमेली आणि पाणी मारायचा पाइप. हत्यारांना चौदाशे रुपये गेले.

खरं शिक्षण सुरू झालं ते पिंजरे भरायला घेतल्यावर. पाला म्हणजे एकच एक वस्तू नव्हे, हे तोवर ध्यानात आलेलं नव्हतं. कुठल्या झाडाची पानं आहेत हे बघूनच ढीग रचावा लागतो.

आमच्याकडे जानेवारीत पहिला मान जंगली बदामाचा. त्याची पानं गळण्याआधी लालभडक होतात. झाड पानातलं हरितद्रव्य काढून घेतं आणि लाल रंगद्रव्य उठून दिसायला लागतं. खाली पडलेलं एक पान उचलून उन्हापुढे धरलं तर मधली शीर पिवळी, तिच्या दोन्ही अंगांना गर्द लाल आणि कडेला कुठेतरी हिरव्याचा एखादा ठिपका राहिलेला दिसतो. दोन पानं एकसारखी सापडत नाहीत. झाडणाऱ्या मावशी आधी सगळं एकत्र लोटायच्या. त्यांना बदामाची पानं वेगळी ठेवायला सांगितलं, तेव्हापासून सकाळी पार्किंगमध्ये लाल पानांचा स्वतंत्र ढीग दिसायला लागला आणि शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं त्यातली पानं वेचायला लागली.

दिसायला देखणं असलेलं हे पान कुजवायला मात्र कठीण. वीतभर मोठं आणि चिवट. तसंच भरलं तर पानावर पान बसून थर चिकटतो, आत ना पाणी जातं ना हवा. आठवड्याने उकरलं तर मधली पानं कोरडी ठाक निघतात. उपाय सोपा आहे: पानं दिवसभर उन्हात वाळू द्यायची, गोणीत भरायची आणि काठीने बडवायची. चुरा झाला की आकारमान निम्म्याहून कमी होतं आणि कुजायलाही वेळ लागत नाही. वीस-पंचवीस हजारांचं पाला कापायचं यंत्र बघून आलो होतो. ४८ घरांच्या सोसायटीला त्याची गरज नाही, असं माझं मत आहे.

गुलमोहर, सोनमोहर आणि रस्त्यावरच्या रेन ट्रीची पानं याच्या उलट. बारीक पर्णिका, काही न करता दीड-दोन महिन्यांत काळ्या होतात. करंज आणि कडुनिंब मधल्या फळीतले. आंबा, वड, फणस आणि भिंतीलगतचे उंच खोटे अशोक यांची पानं जाड आणि मेणचट. त्यांना सहा-आठ महिने सहज लागतात. म्हणून एक पिंजरा फक्त या जाड पानांसाठी ठेवला आणि त्याची घाई केली नाही. सगळं एकत्र केलं तर अर्धं खत तयार आणि अर्धी पानं जशीच्या तशी, अशी अवस्था होते आणि चाळताना जीव मेटाकुटीला येतो.

ढीग रचायची पद्धत अशी. तळाला सुक्या काटक्यांचा अर्धा फूट थर, म्हणजे खालून हवा खेळते. मधोमध एक बांबू उभा करायचा. ढीग भरून झाल्यावर तो हलवून काढला की हवेला भोक राहतं. मग सहा इंच पाला, त्यावर शेणकाला आणि वर मूठभर बागेतली माती. पुन्हा पाला. शेणकाल्याचं प्रमाण एका भागाला दहा भाग पाणी, एका थराला एक बादली. सुक्या पाल्यात कर्ब (कार्बन) भरपूर असतो आणि नत्र (नायट्रोजन) अगदी कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र लागतो. तो नत्र शेणातून, ताज्या हिरव्या गवतातून किंवा भाजीच्या देठांमधून द्यावा लागतो. नुसता पाला घालून वाट बघितली तर खत होतं, पण वर्ष जातं. गोठ्यातून शेणाची गोणी ८० रुपयांना मिळाली. सप्टेंबरपर्यंत आठ गोण्या लागल्या.

पाण्याबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. सुक्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, वरून मारलेलं पाणी घरंगळून खाली जातं. ढीग रचून झाल्यावर पाइप लावला तर जमीन भिजते, पाला भिजत नाही. थर रचताना प्रत्येक थर भिजवत जायचं. मग मुठीत घेऊन दाबून बघायचं: बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, आणि मूठ सोडल्यावर पाला लगेच विस्कटला तर पाणी कमी.

बरोबर रचलेला ढीग तीन ते पाच दिवसांत तापतो. लोखंडी गज मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढायचा. हाताला धरवत नसेल तर आत पंचावन्न अंशांच्या वर ऊब आहे असं समजा. तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू त्या उबेत मरतात. गज कोमट लागायला लागला की ढीग उलटा: बाहेरचं आत, आतलं बाहेर. तापलाच नाही तर कारणं तीनच: कोरडा आहे, नत्र कमी आहे, किंवा ढीग लहान आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर पहिला पिंजरा उलटला. सकाळची थंडी होती, दाताळं घातलं तशी आतून वाफ निघाली. बदामाच्या चुऱ्यावर राखेसारखी दिसणारी पांढरी पूड पसरलेली होती. बघणाऱ्यांनी "बुरशी लागली, फेकून द्या" म्हणून सांगितलं. ती ॲक्टिनोमायसीट्स नावाच्या जिवाणूंची वाढ आहे. ढीग नीट चालला आहे याची ती खूण, आणि पहिल्या पावसाला मातीला येणारा वासही मुख्यतः त्यांच्याच घराण्याचा. त्याच थरात पिंपळाची काही पानं होती. मऊ भाग कुजून गेलेला आणि मागे फक्त शिरांची जाळी, टोकाच्या शेपटीसकट शाबूत. ती वेगळी काढून पाण्यात अलगद धुतली. नखाएवढ्या जागेत शिरांचे इतके फाटे फुटलेले असतात की भिंग घेऊन बसलं तर वेळ कसा जातो कळत नाही.

हा पिंपळ शेजारच्या प्लॉटमधला, पण त्याची पानं निम्मी आमच्याकडे पडतात. पूर्वी त्यावरून कुरबुर असायची. मार्चच्या सुरुवातीला तो रिकामा झाला आणि आठवड्याभरात तांबूस पालवीने भरला. नवी पानं इतकी पातळ असतात की सकाळच्या उन्हात पूर्ण फांदी आतून उजळल्यासारखी वाटते. ढिगाला पाणी घालायला तसंही सात वाजता जावं लागायचं, त्यामुळे रोज काही ना काही दिसायचं. घरात बसून हे दिसलं नसतं.

त्याच दिवसांत करंजाने एकदम सगळी पानं टाकली आणि तिन्ही पिंजरे काठोकाठ भरले. घाबरायचं कारण नसतं, पाला आठवड्यात फूटभर तरी खाली बसतो आणि वर पुन्हा जागा होते. एकेका पिंजऱ्यात भरताना त्याच्या आकाराच्या दुपटीहून जास्त पाला गेला. होळी २४ मार्चला होती. सोसायटीच्या होळीसाठी पाला मागितला गेला. तो न देता फक्त वाळलेल्या काटक्या आणि गोवऱ्या वापरायचं ठरलं, आणि होळी लहान झाली म्हणून कोणी नाराज झालं नाही.

एप्रिल-मेमध्ये काळजी उलटी. पुण्याच्या कोरड्या उन्हात ढीग चार दिवसांत खडखडीत होतो. वर ओलं पोतं टाकलं की पाणी निम्मं लागतं. सिगारेटचं थोटूक पडलं तर कोरडा ढीग पेटायला वेळ लागत नाही, म्हणून पार्किंगच्या बाजूने पत्र्याचा आडोसा केला आणि पाण्याची भरलेली बादली, झाकण लावून, कायम तिथे ठेवली.

सगळा पाला उचलायचा नाही, हेही याच काळात ठरलं. झाडांखाली दोन-तीन इंचांचा थर तसाच राहू दिला, फक्त बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडली. बुंध्याला ओला पाला चिकटून राहिला तर साल कुजते. या थराने माती थंड राहते आणि झाडांचं पाणी वाचतं. काही दिवसांत सातभाईंचा थवा यायला लागला. ते पानं चोचीने उडवून खालचे किडे शोधतात, आणि एकाने उडवलेल्या पानाखालचा किडा दुसऱ्याने पळवला की सगळे मिळून कालवा करतात. दयाळही नेमाने येतो. आधी आमचं आवार स्वच्छ होतं, पण पक्ष्यांना तिथे खायला काही नव्हतं.

गुढीपाडव्यानंतर, म्हणजे ९ एप्रिलनंतर, दुसरं काम हातात घेतलं: ओला कचरा. त्यासाठी विटांच्या दोन टाक्या बांधल्या, प्रत्येकी आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट खोल. तळाला उतार आणि पाणी निघायला भोक, भिंतीत जाळीच्या विटा, वर पत्र्याचं छप्पर. गवंडी, साहित्य आणि छप्पर धरून चोवीस हजार रुपये लागले. टाकीची रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त करू नका, मधल्या भागापर्यंत हात पोहोचत नाही.

सुरुवातीला अठरा घरं तयार झाली. सगळ्यांनी एकदम सुरू करू नये, असंच मी सांगेन. अठरा घरांचा कच्चा ओला कचरा रोजचा नऊ-दहा किलो भरतो आणि एक टाकी भरायला दोन महिने लागतात. पहिली भरली की तिला आराम द्यायचा आणि दुसरी सुरू करायची. भाज्यांचे देठ, साली, चहाचा चोथा, चुरलेली अंड्यांची टरफलं चालतात. तेल-मीठ असलेलं, दूध-दही, मांस-मासळी नको. लिंबू-संत्र्याच्या साली आणि कांद्याची पात बेताने. एका घमेल्याला दोन घमेली पाला हे प्रमाण सोडायचं नाही. जानेवारीत साठवलेल्या सुक्या पाल्याच्या गोण्या इथे कामी येतात. ज्या सोसायट्या आधी पाला जाळतात त्यांना मग कोकोपीट विकत आणावं लागतं.

गांडुळं लगेच सोडायची नाहीत. ताजा कचरा आधी तापतो आणि त्या उबेत ती मरतात. पंधरा-वीस दिवस थांबून, हात घातल्यावर गार लागलं की मगच सोडा. तीन किलो गांडुळं, किलोला चारशे रुपयांप्रमाणे, बाराशेला मिळाली.

पुण्यात बऱ्याच भागांत घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद करतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून ती उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. ओला कचरा आवारात जिरवायला लागल्यावर सोसायटीच्या काही सभासदांनी "आता त्यांचे पैसे कमी करा" असं सुचवलं. ते करू नये. सुका कचरा त्यांनाच द्यायचा आणि दरमहाचे पैसे पूर्ण द्यायचे. टाकीवर रोज कचरा पसरायचं काम आमच्याकडे येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंनी स्वतःहून घेतलं, त्याचे महिन्याला वेगळे दोन हजार ठरवले. कचऱ्यात काय मिसळलं आहे हे त्यांना पिशवी उचलल्याबरोबर कळतं. "वास यायच्या आधी हात घाला, वास आल्यावर घालून काय उपयोग," असं त्या म्हणायच्या, आणि ते अगदी खरं आहे.

जूनमध्ये पाऊस आला आणि परीक्षा सुरू झाली. पिंजऱ्यांवर ताडपत्री लागते, पण फक्त डोक्यावर. बाजू उघड्या ठेवायच्या, नाहीतर हवा कोंडते. नऊशे रुपयांची एक मोठी ताडपत्री तिन्ही पिंजऱ्यांना पुरली. २५ जुलैला पुण्यात जो पाऊस झाला त्यात मागच्या मोकळ्या जागेत पाणी साचलं. तळाच्या काटक्यांच्या थरामुळे ढिगाचा वरचा भाग वाचला, पण एक पिंजरा खालून चिकट झाला आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. हा वास म्हणजे हवा संपल्याची खूण. उलटून सुका पाला मिसळला की दोन-तीन दिवसांत जातो. नाकात झोंबणारा, अमोनियाचा वास आला तर मात्र नत्र जास्त झालं आहे. तेव्हाही सुका पालाच घालायचा. म्हणून पावसाळ्यासाठी दहा-बारा गोण्या सुका पाला छपराखाली ठेवायलाच हवा. जुलैत तो कुठेही मिळत नाही.

पावसाळ्यातले पाहुणे ओळखता यायला हवेत. टाकीत वळवळणाऱ्या करड्या, चपट्या, खडबडीत अळ्या या काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा झपाट्याने संपवतात, चावत नाहीत, घरात शिरत नाहीत. दिसायला किळसवाण्या वाटतात म्हणून औषध फवारू नका, त्यात गांडुळंही मरतील. वर पाल्याचा जाड थर दिला की पुरे. पाल्याच्या ढिगात अंगठ्याएवढ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या मिळाल्या तर त्या भुंग्यांच्या. त्यातली गेंड्या भुंग्याची जात नारळाचा शेंडा पोखरते, त्यामुळे आवारात नारळ असेल तर अळ्या वेचून बाजूला काढा. आम्ही त्या उघड्यावर ठेवायचो, पक्षी दहा मिनिटांत फस्त करायचे. मोठी आफ्रिकन गोगलगाय ओल्या पाल्यात अंडी घालते. तिला उघड्या हाताने धरू नका. हातमोजे घालून संध्याकाळी वेचायची आणि मिठाच्या घट्ट पाण्यात टाकायची. मीठ ढिगावर मात्र कधी टाकू नका. घुशींनी खालून बीळ केलं तर तळाला बारीक जाळी घालण्यावाचून इलाज नाही. ती पहिल्याच दिवशी घातलेली चांगली.

गोम, वाणी, इवलाले खेकड्यासारखे विंचूकिडे असे बरेच जीव चाळताना दिसतात. यातले बहुतेक निरुपद्रवी आहेत आणि खत तेच करत असतात. लहान मुलांना बघायला बोलवा, पण हात घालू देण्याआधी एकदा तुम्ही उलटून घ्या.

ऑगस्टच्या शेवटी पहिले दोन पिंजरे चाळले. अर्ध्या इंचाची वाळूची चाळणी साडेसहाशेला. खत झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका, कच्चं खतही काळं दिसतं. ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवायचं. उघडल्यावर मातीचाच वास आला तर झालं. दुसरी चाचणी मेथीची: खतात दहा-बारा दाणे पेरायचे. बरोबरीने साध्या मातीत तेवढेच. खतातले उगवले नाहीत किंवा पिवळे पडले तर ढीग अजून महिनाभर ठेवा. कच्चं खत कुंडीत घातलं तर ते मातीतलाच नत्र ओढून घेतं आणि रोप कोमेजतं.

एका पिंजऱ्यातून चाळलेल्या खताच्या सातेक गोण्या निघाल्या. कुंडीसाठी एक भाग खत, दोन भाग माती हे प्रमाण पुरतं. मोठ्या झाडाला बुंध्याजवळ न घालता फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे गोल आळं करून घालायचं. सभासदांना मोफत दिलं, कारण विकायला घेतलं की हिशेबावरून वाद होतात. कढीपत्त्याच्या कुंडीला खत घालणाऱ्यांना एक विनंती केली: पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असेल तर मारू नका. ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची आहे, पुढे हिरवी होते आणि चार पानं खाऊन कोषात जाते.

गणपती ७ सप्टेंबरला बसले. आपणच आणलेल्या हारांमुळे निर्माल्य किचकट होतं: दोरे, जरी, थर्माकोलचे मणी, प्लास्टिकची वेष्टणं. ही सगळी काढली की फुलं आणि दूर्वा उत्तम नत्र देतात. निर्माल्यासाठी वेगळा डबा ठेवला आणि त्यावर "दोरा काढून टाकावे" एवढंच लिहिलं.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत खर्च मांडला: जाळी ३,०००, हत्यारं १,४००, शेण ६४०, टाक्या २४,०००, गांडुळं १,२००, ताडपत्री ९००, चाळणी ६५०. एकूण ३१,७९० रुपये. मजुरी वेगळी. आणखी दहा घरं ओल्या कचऱ्यासाठी पुढे आली.

त्यानंतर करसवलतीचा अर्ज. पुण्यात गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण किंवा सौरऊर्जा यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर सर्वसाधारण करात पाच टक्के, दोन किंवा जास्त असतील तर दहा टक्के सवलत मिळते. ती संपूर्ण मिळकतकरावर नसते, त्यामुळे रक्कम आधी मोजून सभासदांना सांगा, म्हणजे नंतर अपेक्षाभंग होत नाही. नुसत्या पाल्याच्या पिंजऱ्यांवर अर्ज करण्यात अर्थ नाही, गांडूळखताच्या टाक्या चालू हव्यात. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, ठरावाची प्रत, टाक्यांचे फोटो आणि सर्व सदनिकांचे मिळकत क्रमांक जोडले. क्रमांक गोळा करण्यातच सर्वांत जास्त वेळ गेला. तो तक्ता पावसाळ्यातच करून ठेवा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पुढे पाहणी होते. ती कधीही होऊ शकते, म्हणून एका टाकीत चालू कचरा आणि दुसरीत तयार होत आलेलं खत, अशी स्थिती कायम ठेवावी. आमची पाहणी दिवाळीनंतर झाली आणि सवलत पुढच्या वर्षाच्या बिलात आली. सवलत मिळाली म्हणून काम संपत नाही. प्रकल्प बंद आढळला तर ती जाते.

पानगळीच्या आधी फांद्या छाटायचा मोह होतो. छाटणीसुद्धा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि पाला कमी पडावा हे काही त्यासाठी कारण होत नाही. धोकादायक फांदी असेल तर फोटोसह अर्ज द्या. छाटलेल्या फांद्यांचे तुकडे पुढच्या ढिगाच्या तळाला घालता येतात.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी नोव्हेंबरमध्येच आवारात एक फेरी मारावी आणि झाडांची यादी करावी. कुठलं झाड कधी पानं टाकतं, पान जाड की पातळ, हे लिहून काढलं की पिंजरे किती लागतील याचा अंदाज येतो. यादी करताना वर बघावंच लागतं. आमच्या यादीत बहाव्यापुढे "मे, पिवळी फुलं, पाला किरकोळ" आणि करंजापुढे "मार्च, एकदम, मग मेपर्यंत फुलांचा सडा, झाडू नये" अशी नोंद आहे. करंजाची गळालेली जांभळट पांढरी फुलं दोन-तीन दिवसांत आपोआप जिरतात.

चाळणीवर उरलेला जाड चोथा फेकू नका. त्यात कुजवणारे सगळे जीव जिवंत असतात. पुढच्या ढिगाचं ते विरजण आहे. प्रत्येक थरावर दोन घमेली पसरली तर शेण निम्म्यावर येतं. डिसेंबरमध्ये आम्ही चौथा पिंजरा बांधला तो असाच सुरू केला आणि शेणाच्या दोनच गोण्या लागल्या.